दोघांच्या अबोल्यात मी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा मोठ्या सिस्टरांची बोलणी खाल्ली. "शुद्ध नसलेल्या माणसाशी कसल्या गप्पा मारतेस? चादर बदल आणि पुढच्या खाटेकडे जा." बदलली. पण सांगून बदलली — "अहो, आता कुशीवर वळवते हं. पाणी कोमट आहे." न सांगता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढाच माझा धर्म. दुसरी प्रार्थना मला येत नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक मास्तर आलेत. मेंदूत रक्तस्राव. नजर गेली, वाचा गेली. ऐकू येतं की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वाचतील असं कुणीच म्हणत नाही. त्यांची बायको उशाशी बसून असते, तोंडाला कुलूप.

५ फेब्रुवारी, बुधवार

कुलपाचं कारण कळलं. मी म्हटलं, "आजी, बोला ना त्यांच्याशी." तर म्हणाल्या, "आमचा अबोला आहे." मधुमेह आहे म्हणावं, तसं! मुलीने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, मास्तरांनी तिला दार बंद केलं, तेव्हापासून. मग घरात चालतं कसं? "मांजराला सांगते. मने, सांग त्यांना, जेवण वाढलंय."

हसू आलं. नंतर डबा न उघडताच घरी नेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मनीची जागा मला मिळाली! आजी हळूच माझ्या कानात सांगतात, मी मास्तरांच्या कानाशी मोठ्याने. "सांग, कुंड्यांना पाणी घातलंय." "सांग, मुलीला कळवलंय, ती निघालीये." 'आजी म्हणतात' असं शेपूट मी लावत नाही. कामाच्या रगाड्यात वेळ कुठला? अंग पुसता पुसता सरळ बोलून टाकते.

आज आजींनी मास्तरांचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाल्या, "सांग, माझा राग कधीच गेला होता. आधी कोण बोलणार, एवढंच अडलं होतं."

मी म्हटलं, "आजी, हे तरी तुम्ही स्वतः सांगा."

"उद्या सांगेन. आज तू सांग."

सांगितलं. शब्दाला शब्द, 'माझा राग' म्हणूनच. घरी येताना वाटलं, देवाने मला याच कामासाठी जन्माला घातलंय. खरं लिहायचं तर थोडी मिजासच चढली.

९ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांचा श्वास बिघडलाय. मुलगी अजून वाटेतच. आजी अजून 'उद्या'वरच. माझा जीव नुसता टांगणीला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाठ पुसत होते. मास्तरांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांनी वाचा फुटली; जीभ जड, पण शब्द कळले — "आधी तू बोललीस. बरं केलंस. माझ्याने झालं नसतं."

आजी खाटेच्या पलीकडे उभ्या. आज त्या खरंच बोलणार होत्या, ओठ उघडले होते. मी म्हणणार, अहो मास्तर, ती मी नव्हे, आजी इथे आहेत — तोच आजींनी मान हलवली. माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "आता त्यांना दुसरा आवाज नको. तूच हात धर."

धरला. दुपारी ते गेले तेव्हाही त्यांचा हात माझ्याच हातात होता, आणि आजी शेजारी गप्प उभ्या होत्या.