अनुमती आहे किंवा कसे

४ ऑक्टोबर
रिटायर होऊन गावी राहायला आलो त्याला आज वर्ष झालं. वर्षभर निरीक्षण केलं. निष्कर्ष: गाव मागास आहे. कारण: गावाला दिशा नाही. उपाय: मी.

साधन ठरलं. गावाचं स्वतःचं संकेतस्थळ, आपल्या भाषेत. वेबसाइट म्हणायचं नाही. शुद्ध मराठीशिवाय गावाचा उद्धार नाही, हे माझं फायनल आहे.

हिला प्लॅन सांगितला. ही म्हणाली, आधी मोरीचा नळ गळतोय तो बघा. व्हिजन नाही.

९ ऑक्टोबर
संकेतस्थळ तयार. सूनबाई शहरात कॉम्प्युटरचं काम करते, तिने फोनवर विचारत विचारत बांधून दिलं. मुलगी हुशार, पण खोली कमी. म्हणते, "बाबा, बस किती वाजता, नर्सबाई कोणत्या वारी, गिरणी कधी चालू, एवढंच टाका. आणि बोलून टाकायची सोय करते. बऱ्याच जणांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं."

बसचं टायमिंग टाकायला मी काय कंट्रोलर आहे? आयुष्यभर सरकारी परिपत्रकं लिहिली. माझा मसुदा वाचून भलेभले गप्प बसत.

विभाग मीच ठरवले: प्रास्ताविक. संस्थापकांचे मनोगत. संस्थापकांचा परिचय. संपर्क (संस्थापक).

१५ ऑक्टोबर
उद्घाटन केलं. जागा: वहिनींची पिठाची गिरणी. सगळं गाव तिथे डबे घेऊन रांगेत असतं, म्हणून. भाषण पूर्ण केलं, पण गिरणी चालू असल्याने कुणालाही ऐकू गेलं नाही. वहिनींना दोनदा खूण केली. त्यांना वाटलं मला दळण हवंय. डबा कुठाय म्हणाल्या.

शिंप्याने फोनवर संकेतस्थळ उघडलं. (पहिला वाचक!) बराच वेळ खालीवर करून विचारलं, "साहेब, यात बसचं टायमिंग कुठाय?"

मनोगत वाचा म्हटलं. पिठाचा डबा उचलून गेला.

२२ ऑक्टोबर
'ग्रामोन्नती : एक तात्त्विक मीमांसा' हा लेख टाकला. भाग पहिला. प्रतिसाद नाही. विचार पचायला वेळ लागतो.

दादाने मात्र मनोगत वाचलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गिरणीवाल्या वहिनींचा नवरा. शेजारच्याच घरात राहतो. त्याच्या किडन्या थकल्यात, म्हणून ठरल्या दिवशी सकाळच्या बसने शहरातल्या दवाखान्यात जातो, मशीनला पडून रक्त शुद्ध करून घेतो, संध्याकाळी परत. म्हणाला, "मशीनवर कधी डोळा लागत नाही रे. तुझं मनोगत उघडलं आणि जी झोप लागली म्हणतोस! नर्सला हलवून उठवावं लागलं."

लेखनाचा असाही उपयोग होतो. परिचयात ही ओळ घालावी का?

१ नोव्हेंबर
थांब्यावर डेपोची नोटीस लागली. प्रवासी कमी म्हणून सकाळची बस बंद करण्याचा विचार आहे. हरकत असेल तर पंधरा तारखेच्या आत कळवा.

गिरणीसमोर गर्दी. नर्सबाई याच बसने गावात येतात, आल्या आल्या त्याही तिथेच थांबल्या. दादाचं तर सगळंच या बसवर. वहिनी म्हणाल्या, सोमवारी सगळ्या बायका डेपोत जाऊन बसू.

मी पुढे झालो. समजावून सांगितलं की असे निर्णय आरडाओरड्याने फिरत नसतात. डेटा लागतो. संकेतस्थळावर गावाचा कौल घेऊ आणि प्रॉपर चॅनलने डेपोला पाठवू. गर्दी शांत झाली. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. भाऊजी म्हणतात तर तसं."

दादा एवढंच म्हणाला, "जमेल ना रे?"

म्हटलं, "दादा, तू निर्धास्त राहा."

हीच ती घडी. यासाठीच मी रिटायर झालो.

३ नोव्हेंबर
दिवसभर प्रश्न ड्राफ्ट केला. सातवा मसुदा फायनल:

'विषयांकित बसफेरी खंडित करण्याच्या विचाराधीन प्रस्तावास आपली अनुमती आहे किंवा कसे?'

खाली दोन बटणं. होय. नाही.

सूनबाई म्हणाली, "बाबा, 'बस हवी की नको' एवढंच विचारूया ना." हसू आलं. तिच्या पिढीला भाषेचं वजन कळत नाही. प्रश्न टाकला. टेस्टिंग म्हणून पहिला कौल मीच दिला. व्यवस्थित चालतं.

८ नोव्हेंबर
अभूतपूर्व! कौल धो धो येतोय.

श्रेय थोडं वहिनींना देतो. त्यांनी गिरणीवर नियमच केला. आधी फोन, मग पीठ. रांगेतल्या प्रत्येकाला सांगतात, "भाऊजींनी बससाठी केलंय ते. होय दाबा आणि पुढे व्हा." ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं स्वतःच्या फोनवर दाबून देतात. शिंपी म्हणाला, प्रश्न काही झेपला नाही. वहिनी म्हणाल्या, बस पाहिजे का असं विचारलंय, दाब. त्याने दाबलं.

सामान्य जनतेला प्रश्न झेपायची गरजच नसते. विश्वास पुरतो.

१३ नोव्हेंबर
कौल डेपोला रवाना. सोबत पत्र: 'ग्रामस्थांचा स्पष्ट कौल जोडला आहे. त्यानुसार तात्काळ कार्यवाही व्हावी.' इतकं कडक पत्र सर्व्हिसमध्येही लिहिलं नव्हतं.

एकच डाग. सगळं गाव होय म्हणत असताना एक 'नाही' आहे. एकच. कोण हा घरभेदी? संशय शिंप्यावर. त्याच्या मेव्हण्याची जीप आहे, बस बंद झाली की तिला गिऱ्हाईक. दुपारी जाऊन त्याच्याकडून माझी पँट अर्धवट शिवलेली तशीच परत आणली. कारण सांगितलं नाही. त्याला आतून कळलं असणार.

२४ नोव्हेंबर
डेपोचं उत्तर आलं. 'सकाळची फेरी बंद करण्यास ग्रामस्थांनी जवळपास एकमुखाने दिलेल्या अनुमतीबद्दल आभार. आपल्या विनंतीनुसार तात्काळ कार्यवाही करत असून फेरी १ डिसेंबरपासून बंद होईल. असं समंजस गाव पाहिलं नाही.'

डेपोत मराठी वाचता येणारा माणूस दिसत नाही.

दुपारी
सूनबाईला फोन केला. तिने माझा प्रश्न मला मोठ्याने वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा, सावकाश. रेंज गेली असेल असं वाटलं, पण नव्हती गेली.

शेवटी विषय बदलावा म्हणून विचारलं, तो एक 'नाही' कुठून आला ते कळतं का? कळतं म्हणाली. माझ्याच फोनवरून. तीन तारखेला. टेस्टिंग.

याचा अर्थ असा की प्रश्न अचूक होता. अचूक उत्तर गावात एकानेच दिलं.

पँट आता कुठून शिवून घ्यावी?

२५ नोव्हेंबर
वहिनींना सांगावं लागलं. गिरणीतच सांगितलं, म्हटलं आवाजात निम्मं तरी विरून जाईल. त्यांनी खटका पाडून गिरणी बंद केली. भर दिवसा, रांग उभी असताना. मी गावात आल्यापासून ही गिरणी अशी गप्प ऐकली नव्हती.

म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चुकलात त्याचं काही नाही. पण माझ्या तोंडून वदवून घेतलंत. ह्यांची बस बंद करा, असं मी रांगेतल्या एकेकाला सांगत बसले."

भाषेतल्या बारकाव्यांचं स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली. रांगेतल्या एका म्हातारीने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "तू घरी जा बाबा."

ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण ठेवताना आवाज करते.

२ डिसेंबर
बस नाही. नर्सबाई मोठ्या रस्त्यापासून चालत आल्या. पोहोचल्या तेव्हा ताप घेऊन आलेली पोरं वाट बघून परत गेली होती.

दादा दूधवाल्याच्या टेम्पोतून शहरात गेला. पुढे जागा नव्हती, मागे कॅनच्या मधे गोधडी टाकून बसला. तशी हवा चांगली लागते मागे. एका परीने बसपेक्षा बरं.

संध्याकाळी
टेम्पो आला. मशीननंतर दादाच्या पायात जोर राहत नाही. उतरता येईना. दूधवाल्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मी चांगला जोर लावून उचलला आणि तो एकदम वर आला. लहानपणी हाच मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. दादा एवढा हलका कधी झाला, मला कुणी कळवलं नाही.

म्हणाला, "दुधाचा वास येतोय ना अंगाला?" आणि हसला. मनोगतात दुरुस्ती करायला बसलो, पण जमलं नाही.

५ डिसेंबर
बायका डेपोत निघाल्या. वहिनी, ही, नर्सबाई आणि टेम्पोत मावतील तेवढ्या. गावातर्फे प्रवक्ता म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. फाईलही घेतली होती.

ही दहा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "तुम्ही घरी थांबायचं. काही बोलायचं नाही. आणि देवाशपथ सांगते, काही लिहायचं नाही."

म्हणून आज इथेच थांबतो.

६ डिसेंबर
बस परत मिळाली!! सोमवारपासून सुरू.

हिने सांगितलेली हकीकत अशी. बायका मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. खुर्च्या संपल्यावर जमिनीवर. मॅनेजरने कौलाचा कागद पुढे केला, म्हणाला, बाई, तुमच्याच गावाने अनुमती दिलीय. वहिनी म्हणाल्या, "साहेब, काय विचारलं होतं ते मोठ्याने वाचा." त्याने वाचलं. वहिनींनी विचारलं, "मग सांगा, होय म्हणजे बस हवी की नको?" मॅनेजर म्हणाला नको. हेडक्लार्क म्हणाला, नाही साहेब, हवी असं होतंय. एका ड्रायव्हरला बोलावलं. तो म्हणाला, 'किंवा कसे' म्हणजे काय ते आधी सांगा, मग बोलतो. अर्धा डेपो केबिनमध्ये गोळा झाला. शेवटी मॅनेजरने डोकं धरलं आणि म्हणाला, मलाही आता खात्री नाही.

मग वहिनींनी दादाचं सांगितलं. साध्या शब्दांत, दोन वाक्यांत. मॅनेजर उठून उभा राहिला म्हणे. कौल रद्द, बस चालू.

म्हणजे मुळाशी जाऊन पाहिलं तर बस परत आली ती माझ्या प्रश्नामुळे. तो जरा सोपा असता तर निर्णय कायम झाला असता! हिला हे लक्षात आणून दिलं. ही उठून वहिनींकडे गेली. अजून आलेली नाही.

१४ डिसेंबर
संकेतस्थळ वहिनींच्या ताब्यात. सूनबाईने परस्पर करून दिलं, मला फक्त कळवलं. मीमांसेचे चारही भाग काढले. मनोगत ठेवलंय, दादाने सांगितलं म्हणून. झोपेसाठी लागतं.

आता तिथे काय आहे? वहिनींचा आवाज. बस! मागच्या गावाहून कंडक्टरचा फोन आला की त्या बोलून टाकतात, "बस निघाली बरं का तिकडून, आवरा." मागे गिरणीची घरघर. नर्सबाई बोलतात, आज डोस आहेत, पोरांना घेऊन या. शिंपी बोलतो, कपडे शिवून झालेत, घेऊन जा. (माझ्याकडे बघून बोलल्यासारखं बोलतो.)

अख्खं गाव ऐकतं. ना प्रास्ताविक, ना समारोप. भाषेची धूळधाण. याला विकास म्हणायचं?

सूनबाईने माझ्यासाठी एक जागा राखलीय: 'सूचना'. तिथे मी लिहू शकतो. रोज लिहितो.

२० डिसेंबर
नर्सबाई रजेवर. एरवी बस परत जाताना त्या दादाला आत बसवून देतात आणि शहरात उतरवून घ्यायला कुणाला तरी सांगून ठेवतात. आज मी म्हटलं, दादा, मी येतो सोबत. मशीन होईपर्यंत बसतो, परत घेऊन येतो. दादाला बरं वाटलं. वहिनींनी दोनदा विचारलं, "नक्की ना भाऊजी?" म्हटलं, नक्की.

थांब्यावर वेळेआधी पोहोचलो. दादा बाकावर, मी उभा. तेवढ्यात फोनवर वहिनींचा आवाज: "आली बरं का बस, पळा."

पळा! ज्येष्ठ नागरिकांना, आजाऱ्यांना, पळा! सार्वजनिक माध्यमातून! हे खपवून घेणं शक्य नव्हतं. लगेच सूचना लिहायला घेतली. 'बसचे आगमन झाले असून प्रवाशांनी त्वरा करावी.' मग वाटलं, 'आगमन होत असून' जास्त काटेकोर. मग 'त्वरा' उद्धट वाटलं, म्हणून 'सत्वर सिद्ध व्हावे' केलं. मजकूर बरा जमला. पाठवला.

मान वर केली तर बाक रिकामा. बस वळणावर. खिडकीत दादा. शेजारच्या सीटवर त्याने माझ्यासाठी पिशवी ठेवली असावी, कारण तिथे कुणी बसलं नव्हतं. त्याने खिडकीतून हात केला. हाकही मारली असेल, सांगता येत नाही.

आता त्याच बाकावर बसलोय. दूधवाला कधीच गेला. आत्ता वहिनींचा मेसेज आला. बोललेला नाही, लिहिलेला. 'हे आणि तुम्ही नीट बसलात ना?'

उत्तराचा मसुदा चालू आहे.