ताबा घेणार कोण?

४ मार्च

फोन उचलायलाच नको होता!

एका हातात स्टेपल उपटायची पक्कड, समोर नवी गादी चढवायला आलेल्या डेंटिस्टच्या खुर्चीचा उघडा सांगाडा, फोन मानेत अडकवलेला. सरकारी इस्पितळाच्या शवागारातून कोणी कारकून बोलत होता. आधी त्या माणसाचं पूर्ण नाव घेतलं. मग — "आपण त्यांच्या कन्या ना?"

कन्या! हा शब्द मला कोणी शेवटचा कधी लावला होता, देव जाणे.

वडील वारले म्हणे. बसथांब्यावर छातीत कळ आली, इस्पितळात पोचेपर्यंत संपलं. "ताबा कोण घेणार?"

"रॉंग नंबर," मी म्हटलं.

"नंबर बरोबर आहे, बाई. तुमचे भाऊ फोन उचलत नाहीत. कायद्याने मुलांवरच जबाबदारी येते."

कायदा! मी चौथीत होते तेव्हा कुठल्या कपाटात झोपला होता हा कायदा? तो माणूस घर सोडून गेला तेव्हा टेबलफॅन घेऊन गेला. ऐन उन्हाळ्यात. घरात एक बायको, दोन मुलं आणि एक पंखा — त्यातला पंखा निवडला!

दिवसभर स्टेपल उपटत होते. दोनदा पक्कड निसटून अंगठ्यावर बसली.

५ मार्च

दादाने अखेर फोन उचलला. पाणीपुरवठ्यात आहे तो. कुठे तरी पाइप फुटला होता, मागे धो धो आवाज. मी सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणतेस?"

"मी? मी म्हणते, राहू दे तिथेच बर्फात."

"असं बोलू नये गं."

"का नये? तुझ्या फीसाठी आई दारोदार फिरली, तेव्हा तो कुठे होता?"

"ते खरंय," म्हणाला. आणि गप्प! हा असाच. लहानपणी गल्लीत भांडण मी करायचे आणि हा माझं दप्तर सांभाळत मागे उभा.

शेवटी म्हणाला, "तुला जमणार नसेल तर तसं लिहून दे."

जमणार नसेल! काय शब्द शोधलाय!

६ मार्च

आईला सांगितलं. टीव्ही बघत होती, पाय स्टुलावर. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून राहून त्या पायांच्या शिरा दोरासारख्या वर आल्यात.

"कशानं गेला?" एवढंच विचारलं.

"हृदय."

"हं."

"आता काय करायचं, आई?"

"तुम्ही दोघं मोठी आहात." आणि टीव्हीचा आवाज वाढवला!

मला वाटलं होतं, रडेल. नाहीतर शिव्या घालेल. दोन्हीला मी तयार होते. "हं"ला नव्हते. हिच्यासाठी माझं रक्त इतकी वर्षं उकळतंय, आणि ही मालिका बघतेय.

७ मार्च

पुन्हा कारकून. "निर्णय कळवा, बाई. इथे एक मुलगी रोज येऊन बसते. 'मला द्या' म्हणते. पण ती कोणी लागत नाही ना त्यांची!"

"कोण मुलगी?"

"ज्या बाईंबरोबर ते राहायचे, त्यांची. त्या बाई मागेच वारल्या. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे हिला काही हक्क नाही."

म्हणजे आईशी काडीमोड घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत! आळशी मेला.

८ मार्च

आली. थेट दुकानात!

मी रेक्झिन कापत होते. दारात निळ्या गणवेशातली एक तिशीची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शाळेची बस चालवते. बाहेर रस्त्यात ते पिवळं धूड उभंच होतं, मागचे रिक्षावाले बोंबलत होते.

"ताई," म्हणाली.

"मी तुझी ताई नाही."

"बरं." तिने मान हलवली. "बाबांना —"

बाबांना! कात्री माझ्या हातात होती, हे तिचं नशीब की माझं, कळत नाही.

म्हणाली, "तुम्ही फक्त ताबा घ्या. पुढचं सगळं मी करते. तुम्हाला थांबायचीही गरज नाही. सही तुमची लागते, नाहीतर पालिका नेते आणि बाकीच्या बेवारसांबरोबर एकत्र उरकते. मला कळवणारही नाहीत."

"तुला त्याचा एवढा पुळका का?"

"त्यांनी मला गाडी शिकवली. आई आजारी होती तेव्हा स्वयंपाक तेच करायचे. चिडके होते. पण होते."

पण होते. हे दोन शब्द त्या बयेने माझ्या दुकानात उभं राहून उच्चारले. मला सायकलसुद्धा येत नाही. कोण शिकवणार होतं? फोमचे गठ्ठे मी आजही हातगाडीवर ढकलत आणते.

"निघ," मी म्हटलं. "तुझी बस रस्ता अडवतेय."

गेली. भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं!

९ मार्च

स्वतः गेले. शवागार तळघरात. हिरवट भिंती, फिनेलचा वास, एक लोखंडी बाकडं आणि त्यावर ती. मला बघून झटकन उठली. चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं — आणि त्याचाच जास्त राग आला. तिच्या बाजूने सरळ आत गेले.

कारकुनाने विचारलं, "बघायचंय का त्यांना?"

"नाही."

नकारावर सही केली. वर बजावलंही, "त्या मुलीला द्यायचं नाही."

"तसंही देता येत नाही, बाई," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे बघतही नव्हता.

बाहेर आले तेव्हा ती उभीच होती. चेहऱ्यावरून तिला कळलं. परत बसली. किल्ल्या वाजल्या.

माझं काही चुकलेलं नाही. तो आमच्याकडे परत आला नाही, आता मी त्याच्याकडे जाणार नाही. हिशेब सरळ आहे.

१० मार्च

डेंटिस्टची खुर्ची संपवली. शिवण वाकडी. उसवली. पुन्हा घातली. पुन्हा वाकडी!

११ मार्च

दादा फोन उचलत नाही. आईशी बोलावंसं वाटत नाही. दुपारी शाळेची बस दुकानावरून गेली आणि मी वेड्यासारखी दारापर्यंत धावले. चालवणारा कोणी मिशाळ बुवा होता.

धावले कशाला? काय सांगणार होते तिला?

१२ मार्च

शवागारात फोन केला. पालिकेने नेलं का, एवढंच विचारायला.

"पालिका कशाला? तुमच्या नकाराने फक्त तुम्ही मोकळ्या झालात. काल तुमचे भाऊ येऊन घेऊन गेले. ती मुलगी सोबत होती. 'दादा, दादा' करून रडत होती बिचारी."

दादा? माझ्या दादाला?

त्याला लावला. या वेळी उचलला.

"कधीपासून जातोस त्याच्याकडे?"

"बरीच वर्षं झाली. तिला तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. सही मीही करू शकत होतो, पण वाटलं, तू हो म्हणशील."

"आईला माहीत आहे?"

तो म्हणाला, "पहिल्यांदा आईनेच धाडलं होतं मला. त्याची तब्येत बघून ये म्हणून."

म्हणजे या घरात इतकी वर्षं रागावलेली मी एकटीच होते!