अजून गणितात आहोत

१ मार्च, रविवार. सकाळी सात.
जाणूनबुजून केलं म्हणे! मला काय स्वप्न पडलं होतं शेवटची ओव्हर चालू आहे म्हणून? खोलीत प्लग एकच. इस्त्री लावायची होती, टीव्हीचा काढला. मॅच तरी कसली, दोन वर्षांपूर्वीची, निकाल जगाला पाठ. तरी हा माणूस उठला, चपला घातल्या, पिशवी घेतली आणि बहिणीकडे निघून गेला. आज अठरा दिवस झाले. लग्नाच्या सव्वीस वर्षांत एवढी चपळाई कधी दाखवली नव्हती.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, तुमचं प्रेशर फार चढतं, तोंडावर येईल ते बोलण्याऐवजी लिहून काढा. मी चौथी शिकलेली. मुकादमाकडून हजेरीची अर्धी कोरी वही मागून आणली. आता लिहितेही आणि बोलतेही.

गुरुवारी येणार. न येऊन सांगतो कुणाला? सहा देशांची वनडे स्पर्धा सुरू होतेय, पहिला सामना आमच्याच स्टेडियमवर, जिथं मी झाडू मारते. वन्संच्या घरचा टीव्ही डब्याएवढा. त्यात बॉल शोधायला भिंग लागेल. आणि क्रिकेटशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

ठरवलंय, आल्यावर झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. फार तर एकदा.

५ मार्च, गुरुवार.
कामगारांना एकेक पास मिळाला. मी माझा वन्संच्या दाराखालून आत सरकवून आले. दार वाजवलं नाही. मलाही मान आहे.

माझी ड्यूटी पूर्वेच्या स्टँडला, लेडीज बाथरूमच्या दाराशी. आरडाओरडा झाला की पळत बाहेर यायचं आणि त्या पासवरची रांग एन, खुर्ची चाळीस बघायची. बारा वेळा बघितली. रिकामी. मुकादम म्हणाला, मावशी, विकेट पडल्यावर बायका आत पळतात आणि तुम्ही बाहेर, हे कसं चालायचं? त्याला म्हटलं, तू तुझी शिट्टी सांभाळ.

आपण हरलो.

दुपारभर त्या रांगेत ऊन असतं. यांना ऊन सोसत नाही. माझीच चूक, सावलीचा पास मागायला हवा होता.

६ मार्च, शुक्रवार.
सकाळी स्टँड झाडला. बाटल्या, कागदी झेंडे, एका पायाचा बूट, कुणाची तरी कवळी. हरल्यावर माणसं काय काय टाकून जातात! खुर्ची चाळीसखाली काहीच नव्हतं. इतकी स्वच्छ खुर्ची त्या स्टँडमध्ये कधी बघितली नाही. तरी फडका मारला.

८ मार्च, रविवार.
दुसरा सामना परगावी. टीव्ही या बाजूच्या भिंतीला आणला, तिथं खिडकीचा उजेड पडत नाही. यांची खुर्ची समोर. मी मागे. म्हटलं, आतापासून सराव ठेवू. ओव्हर चालू असताना बोलायचं नाही, ओव्हर संपली की बोलायचं. दोन ओव्हर जमलं. तिसरीत त्या ओपनरने असा काही बावळट फटका मारला की तोंडातून निघालंच. पण खुर्ची रिकामी होती, म्हणजे ते धरायचं नाही.

जिंकलो! शेवटचे चार रन झाले तेव्हा मी उभी होते. कधी उठले कळलंच नाही.

फोन केला. वन्सं म्हणाल्या, वहिनी, दादा झोपलाय. संध्याकाळी सहाला? आपली टीम जिंकलेली असताना? रुसवा आहे दुसरं काय. रुसवा म्हणजे माया असतेच.

११ मार्च, बुधवार.
हरलो. कामावर रेडिओने गणित मांडलं. रेडिओ म्हणजे माझ्याबरोबर झाडणारा म्हातारा, ज्याच्या कानात सदा वायर. म्हणाला, घाबरायचं नाही, उरलेले दोन जिंकलो, त्यांनी यांना हरवलं आणि रनरेट सुधारला, तर वरच्या चारांत येतो. मी म्हटलं, नाही जमलं तर? तर म्हणे, बाई, गणितात बसतंय तोवर आशा सोडणारा तो प्रेक्षकच नव्हे.

हे मला पटलं. आमचंही बसतं. फोन घेतला नाही, पण कापलाही नाही. पास परत पाठवला नाही. ‘येणार नाही’ असं एकदाही म्हटलेलं नाही. जे म्हटलेलंच नाही, ते माणूस करणार कसा?

१४ मार्च, शनिवार.
पाऊस. सामना रद्द, दोघांना एकेक पॉइंट.

इकडेही पॉइंट मिळाला! वन्संचा निरोप आला, दादाचा दुसरा चष्मा आणि शर्ट पाठवा. चष्मा कशाला हवा? मॅच बघायला. सरळ आहे. शर्ट किती, विचारलं, तर म्हणाल्या सगळे. सेमीफायनलपर्यंत रोज बदलायला लागणारच, घामट माणूस आहे. अकरा शर्टांना कडक इस्त्री केली. वरच्या शर्टाच्या खिशात बुधवारच्या सामन्याचा पास घातला. सावलीचा. त्याच्यासाठी मुकादमाकडे दोन रविवार जादा कबूल केलेत.

पिशवी घ्यायला वन्सं आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी म्हटलं, निरोप सांगा, टीव्ही हलवलाय, आता चकाकी येत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळतंय त्यातलं.

१६ मार्च, सोमवार.
मला आता एलबीडब्ल्यू कळतं. रेडिओशी वाद घातला, बॉल लेगच्या बाहेर पडला होता. कँटीनच्या टीव्हीवर रिप्ले आला तसा कबूल झाला. हे ऐकून यांना किती बरं वाटेल! सव्वीस वर्षं हा माणूस एकटा बघत होता बिचारा, आणि मी मध्ये लसूण निवडत त्याला विजेच्या बिलाबद्दल विचारायची. आता दोघं बोलू. बोलायला विषय नव्हता, एवढंच तर होतं.

१८ मार्च, बुधवार. सामना संपल्यावर, बाथरूमच्या पायरीवर.
चाळीस ओव्हरच्या आत जिंकायचं होतं. त्रेचाळिसाव्यात जिंकलो. लोक आधी नाचले, मग कुणीतरी गणित सांगितलं आणि सगळा स्टँड गप्प झाला. जिंकून बाहेर. असंही असतं.

पण मला ते लिहायचं नाही. सावलीच्या पासची रांग सी, खुर्ची नऊ. भरलेली होती! पाठमोरा माणूस, टोपी घातलेला. टोपी नवी असेल म्हटलं. फडका टाकला, पदराने तोंड पुसलं, गेले. तर वन्संच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर. मला बघून हसले. म्हणाले, तुमच्या यांनी दिला हो पास, म्हणाले तुम्ही जा, मला क्रिकेटची आवड नाही.

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय.
ते म्हणाले, नाही हो, तेच ते. अबोल. भले आहेत.

मास्तरांचं वय झालंय. काहीच्या बाही ऐकू येत असेल.

१९ मार्च, गुरुवार.
वन्संकडे गेले. या वेळी दार वाजवलं.

वन्संचा टीव्ही खरंच डब्याएवढा. वर चादर, चादरीवर माझ्याच इस्त्रीचे अकरा शर्ट. मी वन्संना म्हटलं, मास्तर काहीतरी बरळत होते. त्या म्हणाल्या, वहिनी, बसा आधी. मग म्हणाल्या, दादाला कधीच आवड नव्हती हो. घरी मॅच लावायचा कारण लावली की तुम्ही थोडं कमी बोलायचा आणि तुमचं त्याला थोडं कमी ऐकू यायचं. कोण खेळतंय हेसुद्धा कधी कधी माहीत नसायचं. इथं आल्यापासून टीव्ही लावलाच नाही. गॅलरीत बसतो.

म्हटलं, मग त्या दिवशी प्लग काढल्यावर एवढं का लागलं? मला उत्तर कळलं होतं, मी उगीच विचारलं. प्लग काढल्यावर खोलीत फक्त मी उरले.

हे बाहेर आले. पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. चेहरा भरलाय. डोळ्यांखालचं काळं गेलंय. मी म्हटलं, तब्येत सुधारली. मान डोलावली. मी म्हटलं, आपण बाहेर पडलो, रनरेटवर. तर म्हणाले, कोण आपण?

टीमबद्दलच विचारलं असेल. टीमबद्दलच.

पाणी पिऊन आले. सगळं पिऊन आले.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
आज कामावर रेडिओने विचारलं, सेमीफायनलला कोण जिंकेल? मी म्हटलं, मला काय करायचंय. दिवसभर बोलले नाही. मुकादमाने विचारलं, मावशी, बरं नाही का? एका दिवसात लोकांना माझी काळजी वाटायला लागली. काय तऱ्हा आहे!

घरी आले. टीव्ही लावला. दुसऱ्याच दोन देशांची मॅच. एका पोराने असा कॅच घेतला, हवेत आडवा, एका हाताने, की मी वळले सांगायला.

मग टीव्ही बंद केला आणि यांना चिठ्ठी लिहिली. वन्संच्या हातात देणार, चार वेळा खोडून राहिलं ते:

‘मी कमी बोलेन असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुमचा विश्वास बसणार नाही आणि माझाही. प्रयत्न करेन असं लिहिलं, तेही खोडलं. सव्वीस वर्षं मी बोलत होते, कारण मला वाटायचं तुम्ही ऐकताय. मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. अजूनही सांगा. येणार की नाही, ते रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगा. वन्संच्या तोंडून नको, मास्तरांच्या नको, तुम्ही स्वतः दाराशी येऊन सांगा. नाही म्हणायचं असलं तरी या. कितीही वेळ लागू दे, मी मध्ये बोलणार नाही. रविवार, पाच.’