तुझ्या आईच्या लग्नाची नोंद

आई, तुझ्या आईच्या लग्नाची नोंद सापडली तेव्हा तू पाळकसाहेबांच्या बैठकीत चक्क टाळी वाजवली होतीस. आज सकाळपासून ती टाळी माझ्या कानात आहे. नातीचं लग्न ठरलंय आमच्याकडे. तिला मामा तीन, आणि तिच्या शेजारी कोणी उभं राहायचं यावरून तिघांची गमतीची भांडणं चालली आहेत. मी भाजी निवडत ऐकत होते आणि एकदम तूच दिसलीस, दवाखान्याच्या पांढऱ्या लुगड्यात, छत्री काखेत मारून निघालेली.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. तू बाभुळगावच्या दवाखान्यात नर्स होतीस, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न ठरलं आणि सासरच्या एका बाईंनी सहज विचारलं, "मामा कोण उभा राह्यतो?" आपल्या ख्रिस्ती मंडळीतही मामाशिवाय नवरी देवळात पाऊल टाकत नसे. तू "पाहू" म्हणालीस आणि विषय बदललास. त्या गेल्यावर मात्र चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता बोललीस. तुझे आईवडील वणीला अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले, तेव्हा तू जेमतेम चालायला लागली होतीस. पुढे अमरावतीच्या बोर्डिंगात वाढलीस. तिथल्या मावशींनी तुला एवढंच सांगितलं होतं, की तुझी आई लमाणांची, आणि दुष्काळात तिच्या माणसांनी तिला यवतमाळला मिशनच्या दारात सोडलं. "माह्या आईले टाकून गेले ते लोक," तू म्हणालीस. "मी तुले मामा कुठून आणू?" तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं.

मला मात्र आदल्याच आठवड्यातलं आठवलं. माझ्या लग्नाची सूचना द्यायला यवतमाळला गेलो तेव्हा पाळकसाहेबांनी वधूचं नाव, वडिलांचं नाव, गाव असं सगळं मोठ्या वहीत लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, आई, आजीचं लग्न यवतमाळच्याच चर्चमध्ये लागलं ना? मग तिच्या वडिलांचंही नाव कोणी तरी लिहिलं असेल. तू हातातला पिठाचा गोळा तसाच परातीत टाकलास. "उद्याची सुट्टी मांगून घेतो मी," म्हणालीस.

पाळकसाहेबांनी पत्र्याची पेटी उघडून दिली. कसरीनं कडा खाल्लेल्या जाड वह्या, आणि आत गोऱ्या पाद्र्याचं तिरपं इंग्रजी. वाचायला मीच, कारण मॅट्रिक मी झालेली. तू शेजारी बसून दर पानाला विचारतेस, "आली का वं?" मी नाही म्हणते. किती अनोळखी जोडपी गेली माझ्या बोटाखालून! कोणी सुतार, कोणी शिपाई, कोणी विधुर, कोणी अनाथ. मग आजोबांचं नाव आलं, हुद्दा शाळामास्तर, आणि त्याखाली तुझ्या आईचं. मी थांबले.

"वाच ना, काहून थांबली?"

मी वाचलं. वधूचे वडील मयत, बैलांवर माल वाहणारे, फुलसावंगीजवळचा तांडा. त्यांचं नाव होतं, तांड्याचंही होतं. मग मी साक्षीदारांची ओळ वाचली. पहिली सही शाळेच्या कोण्या मास्तरांची, आणि दुसऱ्या जागी निळा अंगठा, शेजारी लिहिलेलं: वधूचा भाऊ.

"भाऊ?" तू वही स्वतःकडे ओढलीस. इंग्रजी तुला येत नव्हतं, तरी त्या शब्दांकडे बघत राहिलीस. "लग्नाले आलता? तिचा भाऊ लग्नाले आलता?" आणि मग ती टाळी. "पाळकसाहेब, सांगा मले, टाकलेल्या पोरीच्या लग्नाले कोणी एवढ्या लांबून येते काय?" पाळकसाहेब हसले. तू हसत होतीस आणि डोळे पुसत होतीस, आणि मला वाटलं, माझी आई माझ्या डोळ्यांदेखत लहान होत चालली आहे.

पुढच्याच रविवारी, उपासना चुकवून, आपण फुलसावंगीच्या मोटारीत बसलो. उपासना चुकवलेली तू मला तेवढी एकदाच आठवतेस. उतरून पुढे रखरखत्या उन्हात चाललो, बांधावरचे पळस लालभडक पेटलेले. तू इतकी भरभर चाललीस की मी मागे पडत होते. तांडा दिसला तशी मात्र तुझी पावलं मंदावली. "आपण किरिस्ताव झालो म्हणून वळखच नाही देल्ली तं?" तू माझा हात घट्ट धरलास.

तांड्याच्या नायकाच्या घरापुढे लिंबाखाली माणसं बसली होती. तू तुझ्या आजोबांचं नाव सांगितलंस. कोणी तरी उठून आत गेलं आणि लाल पागोट्यातला एक उंच म्हातारा काठी टेकत बाहेर आला. तुला धड बोलता येईना, म्हणून मीच सांगितलं, यवतमाळ, मिशन, लग्न, अंगठा. त्यानं आपला उजवा अंगठा वर करून पाहिला. "निळी शाई लावलती सायबानं," तो म्हणाला. "किती घासलं, जाये ना." मग तुझ्याकडे पाहून, "तू तिची?"

तू नुसती मान हलवलीस. त्यानं तुझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्यांच्या बोलीत "याडी, याडी" म्हणत राहिला. याडी म्हणजे आई. सत्तरीचा माणूस आपल्या भाचीला आई म्हणत होता.

त्यानंच सगळं सांगितलं. दुष्काळात बैल मेले, बाप मेला, पोरगी हातातून जाईल म्हणून त्याच्या आईनं तिला मिशनमध्ये ठेवलं. पावसानंतर ते न्यायला आले होते. पण तोवर ती अंगानं भरली होती, पाटीवर अक्षरं काढत होती. तेव्हा आईच म्हणाली, राहू दे, इथं जगते. दर वर्षी तो भेटायला जाई. मानमोडीनंतर वणीला गेला, तर घरात दुसरीच माणसं. "तुले लई धुंडलं मी," तो म्हणाला. परतीच्या मोटारीत तू बाभुळगाव येईपर्यंत बोलत होतीस. मला मध्ये एक शब्दही घालू दिला नाहीस.

माझ्या लग्नात तो आला, बरोबर बैलगाड्या भरून तांड्यातल्या बाया, आरशांचे घागरे, हस्तिदंती चुडे. देवळात तो मामाच्या जागी माझ्या शेजारी ताठ उभा राहिला. बाहेर आल्यावर त्या बायांनी मला वेढलं आणि ढावलो सुरू केला, लेक सासरी जाताना गळ्यात पडून रडत म्हणायचं त्यांचं गाणं. सासरची मंडळी बघत राहिली. तू म्हणालीस, "माह्या आईले हे कोणी गायलं नसन. गाऊ द्या."

हे पत्र मी कपाटात ठेवून देणार, दुसरं काय करणार? पण एक सांगून टाकते. ढावलो चालला होता तेव्हा मी पदरात तोंड खुपसलं होतं, खांदे हलत होते, आणि तू पाठीवरून हात फिरवत "रडू नको वं" म्हणत होतीस. आई, मी रडत नव्हते. एवढी सगळी माणसं आपली निघाली म्हणून मला हसू आवरत नव्हतं.