पावाच्या गाडीचा हॉर्न

४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. भट्टी चालू आहे, ह्यांची कंबर एकदाची जाग्यावर आली. दोन दिवस झाले तू भेटत नाहीस, फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. वहिनी सांगत होती, तू धड जेवत नाहीस आणि राजीनामा लिहून ठेवलायस. पाठवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

पुलावरची हरणी मेली त्याचा दोष तू स्वतःकडे घेतलास. 'हरीण दिसल्यास हॉर्न वाजवा' ही पाटी तूच लावलीस. ट्रकवाल्याने बिचाऱ्याने वाजवला, आणि ती पळायची सोडून ट्रककडेच धावली. साहेब म्हणतात, वनरक्षक असून ह्याला जनावर कळलं नाही.

अरे, तुलाच तर कळतं! ही बुटकी हरणं आपल्या बेटांशिवाय जगात कुठे नाहीत, या बेटावरून त्या बेटावर पोहत जातात, मचूळ पाणीसुद्धा पचवतात, असं ऐकवून ऐकवून तू आमचे कान किटवलेस. आणि शेवटी माझ्याकडे बघून, "बाई, त्यांना खायला तेवढं घालू नकोस. भीती गेली की हरीण गेलं."

मी मान डोलवायचे.

दादा, मी घालत होते. पावाच्या कडा उरायच्या. पहाटे पाव पोचवायला जाताना पुलाजवळ थांबून दोनदा हॉर्न वाजवला की हरणी आणि तिचं पाडस झुडपातून यायची. कुत्र्याएवढा जीव, तळहातावरून खायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं चाललं होतं माझं. हॉर्न म्हणजे पाव, हे तिला मी शिकवलं. तुझी पाटी बरोबरच होती रे.

आणि हे कळूनही आठवडाभर तुझ्या उतरलेल्या तोंडाकडे बघत गप्प बसले. लाज वाटते.

आज हॉर्न वाजवलाच नाही. तरी गाडीच्या आवाजाला पाडस एकटंच आलं. ओरडले, हाडहाड केलं, शेवटी काळजावर दगड ठेवून खरा दगड मारला. त्याने जवळ जाऊन तो हुंगला. मग माझ्या हाताकडे बघत उभं राहिलं.

आता साहेबांकडे निघालेय. सगळं सांगते, काय शिक्षा व्हायची ती मला होऊ दे. तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण ये. त्याला माणसाचं भय शिकवायला तूच हवास. माझ्या हाताला ते भीत नाही.

तुझी,
खोटी मान डोलवणारी धाकटी