डाखाचा धूर आणि जस्ताची पुडी

माय, दुकानातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असं तू मला बजावलं होतंस. मी नेली. सोनारगल्लीतल्या घराघरांत नेली, आणि तू आज असतीस तर तुझ्यासमोरून नेली असती.

शेगावच्या त्या बोळात दुकानावर नाव बाबांचं होतं, काम मात्र तुझं. भाविकांसाठी चांदीच्या पादुका, नवसाचे डोळे, इवले पाळणे. सगळ्यांचे सांधे तू जोडायचीस. सांधा जोडायच्या धातूला आपल्यात डाख म्हणतात. आधी तू तो घरीच करायचीस, चांदीत पितळ वितळवून. मग साठ साली राज्य नवं झालं त्या सुमारास बाबांनी मुंबईहून तयार डाखाच्या पट्ट्या आणल्या. तो चटकन वितळायचा, म्हणून तू खूश होतीस. मी दाराशी अभ्यास करते आहे, तू फुंकणी तोंडात धरून ज्योत वळवते आहेस, आणि पिवळट-तपकिरी धूर तुझ्या कपाळापर्यंत चढतो आहे. मी म्हणते, "माय, खिडकी उघड ना." तू फुंकणी बाजूला करतेस. "काऊन व? वाऱ्यानं ज्योत हालते. धुरानं सोनार मरत असते तं गल्लीत कोणी राह्यलं असतं काय?"

दहाएक वर्षांनी तुझे पाय सुजले, हाडं दुखू लागली, लघवीला फेस यायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं सांगितलं. तू काय काम करतेस, हे त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "घरकाम." तू खाली बघत राहिलीस. मग मामांनी धाड गावच्या वैद्यांकडून जसद भस्म आणलं, म्हणजे जस्ताची राख. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. सुट्टीत आले, ती पुडी पाहिली आणि तुझ्यादेखत मोरीत ओतली. "मायले राख चारून राह्यले तुमी?" असं बाबांवर ओरडले. सात महिन्यांनी गेलीस.

पुढे नागपूरला प्रयोगशाळेत मला विषय मिळाला तो असा: कॅडमियम नावाच्या धातूनं उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात, सोबत जस्त दिलं तर ती सावरतात का? कॅडमियम कशाकशात असतं ते वाचताना 'चांदीचा डाख' हे शब्द आले आणि मी पुस्तक मिटलं. तुझ्या पेटीतला पट्टीचा एक तुकडा आणून आम्लात विरघळवला, चांदी-तांबं आधी वेगळं काढलं आणि उरलेल्या पाण्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकी वायू सोडला. नळीच्या तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसला. कॅडमियमच होतं.

प्रयोग संपला तेव्हा, ज्या उंदरांना जस्त मिळालं होतं त्यांची मूत्रपिंडं पुष्कळच बरी निघाली. मार्गदर्शक सर म्हणाले, "उंदरांचं उंदरांपाशी ठेवा. तिथून थेट माणसावर उडी मारू नका." मी घरी गेले. शेगडीपाशी, तुझ्या जागी, वहिनी फुंकणी घेऊन बसली होती. भावाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे पुडी तू फेकली नसती तं माय जगली असती."

नाही, माय. त्याला तोंडावर सांगितलं, तुलाही सांगते. उंदरांना जस्त पहिल्या दिवसापासून मिळत होतं. तुझ्यात दहा वर्षांचा धूर मुरला होता. त्या राखेत खरं काय होतं, कुणी तपासलं नव्हतं. तू त्या धुरानंच गेलीस हेही मला सिद्ध करता येत नाही. पण सगळं माझ्या एका पुडीवर ढकलायचं आणि खिडकी बंदच ठेवायची, हे मी चालू देणार नव्हते. मी पेटीतल्या पट्ट्या उचलल्या. भाऊ आडवा आला. "जुन्या डाखानं अख्खी दुपार जाते व!"

"जाऊ दे दुपार. वहिनीले नाही जाऊ देणार."

तेवढ्यात वहिनी उठली आणि तिनं फुंकणी त्याच्या हातात ठेवली. "तुमीच फुका मंग."

शेगडी अंगणात गेली. घरचा पितळेचा डाख परत आला. मी घरोघरी जाऊन धुराचं सांगितलं. गल्लीतले लोक हसले, "उंदरायची डाक्टरीण आली" म्हणाले. तरी दोन घरांनी भिंतीला खिडक्या पाडल्या. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. वहिनी आता पंचाहत्तरीला टेकली आहे आणि अजून माझ्याशी कडाकडा भांडते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सरांनाही सांगितली नव्हती. ज्या सकाळी उंदरांच्या मूत्रपिंडांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या होत्या, त्या सकाळी मी हात जोडून उभी होते. म्हणत होते, जस्त हरू दे, मी ओतलेली पुडी बिनकामाची ठरू दे. ते जिंकलं. मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. पण मागितलं मी त्याचं हरणंच होतं, माय.