मोशोनच्या हद्दीवर

२८ ऑक्टोबर २००७, गार्चिंग, जर्मनी

आज फ्राऊ श्टाइनरनी माझी शिकवणीच घेतली! मी यांची भाडेकरू की विद्यार्थिनी? विषय — मोशोन. हंगेरीतला त्यांचा जिल्हा, आता नकाशात नाही. पहिल्या महायुद्धानंतर तुकडे झाले — वरचा भाग ऑस्ट्रियाला, थोडी गावं चेकोस्लोवाकियाला, उरलेला शेजारच्या जिल्ह्यांना जोडला. "घर हंगेरीत, वडिलांचं शेत ऑस्ट्रियात. नांगरायला जाताना पास दाखवायचा!" आणि १९४६ मध्ये गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बहुतेक जर्मनांना देशाबाहेर हाकललं, फ्राऊंच्या घरालाही. फ्राऊ तेव्हा अठराच्या.

आमच्या आजोबांचं गाव ज्यात होतं, ते जत संस्थानही विलीन झालं. पण आजोबांना घरातून कुणी उठवलं नाही.

४ नोव्हेंबर

विचारलं, परत कधी गेला नाहीत? फटकन म्हणाल्या, "स्वतःच्या गावी जायला मी कुणाला पासपोर्ट दाखवणार नाही." काय हा हट्ट!

१९ नोव्हेंबर

त्यांच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. उन्हाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. बसमध्ये मलाच रडू आलं.

२ डिसेंबर

माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या निहारने बातमी आणली — एकवीस तारखेपासून ऑस्ट्रिया-हंगेरी हद्दीवर तपासणी बंद! जर्मनीच्या परमिटवर मलाही व्हिसा नको! धावत खाली गेले. फ्राऊंनी पेपर भिंग लावून दोनदा वाचला. "आल्झो... बरं, बघू." बघू म्हणे!

२० डिसेंबर

स्वयंपाकघरात खसखशीचा रोल भाजला जातोय. मोशोनचा, नाताळचा. म्हणजे जाणार!

२२ डिसेंबर, सकाळ

निहारची जुनी ओपेल. हंगेरीची हद्द आली आणि मी ओरडले, "थांब!" फाईल उघडून तयार — पासपोर्ट, परमिट, प्रोफेसरांचं पत्र, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. चौकीत चिटपाखरू नाही. मागून हॉर्न! निहार हसून बेजार.

"किंड, अगं पोरी, कुणाची वाट बघतेस?" फ्राऊ म्हणाल्या. मग हळूच स्वतःची पर्स उघडली. आत पासपोर्ट — कोरा करकरीत. "कायम जवळ असतो. पासपोर्टचं नुसतं निमित्त गं. तिथे ओळखणारं कुणी उरलं नसेल, याची भीती वाटायची."

त्यांचा हात धरून बसले.

दुपार

स्वतःच्या घरी जायचा धीर होईना, म्हणून त्यांनी आधी शेजारचं दार वाजवलं. एक म्हातारी बाहेर आली. तिने फ्राऊंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग जर्मनमध्ये, त्यांना लहानपणीच्या नावाने — "रेसी! किती उशीर केलास!"

नाताळ फ्राऊ इथेच करणार. आम्ही दोघंच परत निघालोय.